एसयूव्ही नक्की कोणासाठी घेतली?

न्यू जर्सीहून एका वाचकाचं पत्र आलंय. ठाण्यात नौपाड्यात आई-बाबा असतात, बाबा चौऱ्याहत्तरचे. दिवाळीत मुलानं त्यांना मोठी एसयूव्ही घेऊन दिली. ती कव्हर घालून बिल्डिंगखाली उभी असते आणि बाबा १९९८च्या मारुती आठशेनंच भाजी आणतात. 'माझा अपमान वाटतो. मारुती परस्पर विकून टाकू का?' असं विचारलंय.

परस्पर तर मुळीच नको.

तुमच्या पत्रात सनरूफ आहे, व्हेरिएंट आहे, रंगाचं नाव आहे. बाबांच्या गुडघ्याला मात्र एकच ओळ आलीय. गाडीचे फोटो फॅमिली ग्रुपवर कोणी टाकले, तेही आठवून बघा. ही गाडी तुम्हाला स्वतःसाठी हवी होती, फक्त उभी करायची होती नौपाड्यात. यात लाजण्यासारखं काही नाही. न्यू जर्सीत गाडी पायातल्या चपलेसारखी. ती असतेच, तिच्याकडे कोण बघतो? आपण परदेशी गेलो त्याचं सार्थक झालं, हे जोशीकाकूंच्या खिडकीतूनच दिसायला हवं असतं. (जोशीकाकू प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात, आडनाव बदलतं.)

रसेल बेल्क या अभ्यासकानं १९८८मध्ये मांडलं होतं, की आपल्या मालकीच्या वस्तूंना माणूस स्वतःचाच विस्तार समजतो. बाबांच्या बाजूनं हे लावून बघा. वागळे इस्टेटमधली नोकरी, सोसायटीचं कर्ज, मग मारुती, कोपिनेश्वरासमोर नारळ, शेजाऱ्यांना पेढे. ती 'मी घेतली' असं म्हणणारी गाडी आहे. एसयूव्ही म्हणते, 'मुलानं घेऊन दिली.' औषधांपासून एसीपर्यंत सगळंच मुलाकडून येऊ लागलं, की 'मी घेतली' म्हणता येईल अशी एखादी वस्तू माणूस घट्ट धरून ठेवतो. तुमचा अपमान करण्याचं त्यांच्या मनातही नसेल.

शिवाय मापं बघा. मारुती आठशे पावणेपाच फूट रुंद, मोठी एसयूव्ही सहा फुटांच्या वर. जुन्या बिल्डिंगचं फाटक, दोन खांबांमधली जागा, बाहेर दुतर्फा लावलेल्या स्कूटर. तिथून ती गाडी मागे घेताना वॉचमन 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडतोय आणि गॅलऱ्यांतून चार जण बघताहेत. चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे कोण ओढवून घेईल? कव्हर बरं.

आता तुमची खरी काळजी, सुरक्षिततेची. ती रास्त आहे. त्या मारुतीत ना एअरबॅग, ना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी सोय). घोडबंदर रोडवर ट्रकच्या रांगेत ती नकोच. पण हे त्यांना सुरक्षिततेचं कारण म्हणून सांगा, 'डबडं' म्हणू नका. दिल्लीच्या बातम्या वाचून गाडी जप्त होईल असंही घाबरवू नका. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. लायसन्सही पंचावन्नच्या पुढे पाच वर्षांनीच नवं करावं लागतं, डॉक्टरांच्या दाखल्यासह. त्या निमित्तानं डोळे नीट तपासून घ्या, मोतीबिंदू असेल तर रात्रीचं चालवणं आधी बंद.

गाडी बदलायचीच तर मधल्या उंचीची छोटी ऑटोमॅटिक बघा. खाली वाकून बसायचं नाही, वर चढायचं नाही, डाव्या गुडघ्याला क्लच नाही. शोरूममध्ये बाबांनी जावं, रंग त्यांनी ठरवावा. पैसे तुम्ही दिलेत तरी बुकिंगची रक्कम त्यांच्या खात्यातून जाऊ द्या. 'ती मी भरतो' असं ते आपणहून म्हणतीलच, अडवू नका. तोवर मारुती भाजी, देऊळ, तलावपाळी एवढ्यापुरती राहिली तर बिघडत नाही.

एसयूव्ही ठेवायची असेल तर ती तुमची सुट्टीतली गाडी, असं सरळ सांगा आणि ड्रायव्हरची सोय करा. वर्षभर उभी राहिली तर बॅटरी उतरते, टायर खराब होतात, इन्शुरन्स भरत राहावा लागतो, शिवाय सोसायटीत पार्किंगवरून कुरबूर ती वेगळीच. मला विचाराल तर विका. मात्र ती बाबांच्या नावावर असेल तर आरटीओच्या कागदांवर सही त्यांचीच लागेल, म्हणजे फोन करून बोलणं तुम्हाला चुकणार नाही.