पेशी, खाचा आणि चादरीचे सूत

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमचा यंत्रमागांचा लहान कारखाना असून जॅकार्डवर चादरींची नक्षी उठवण्यात माझी हयात गेली आहे. जीवतंत्रज्ञान शिकणारी माझी मुलगी सांगते, की प्रयोगशाळेत ऊती घडवताना पृष्ठभागावर बारीक खाचा कोरतात आणि पेशी त्या खाचांच्या दिशेने वाढतात. डोळे नसलेल्या पेशीला नक्षी कशी कळते? आमच्या चादरीच्या नक्षीवर पेशी वाढतील का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली मुलगी सांगते ते खरे आहे, आणि ते तसे जुनेही आहे. अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या भ्रूणातील चेतातंतू शरीराबाहेर वाढताना दाखवले. पुढे त्यांनी पेशींना आधार म्हणून कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले, तेव्हा पेशी त्या धाग्यांना धरून लांबट होत पुढे सरकल्या. 1914 मध्ये हे निरीक्षण त्यांनी प्रसिद्ध केले. या शास्त्रातला पहिला साचा धाग्याचा होता, हे मागवाल्याला आवडावे.

पेशीला नक्षी दिसत नाही. तिला फक्त पाय रोवायला जागा कुठे आहे तेवढे कळते. ती चहूबाजूंनी बारीक बोटांसारखे फाटे काढून चाचपडते. तिच्या आवरणातील इंटिग्रिन नावाची प्रथिने पृष्ठभागाला जिथे पकड घेतात, तिथे आतले ॲक्टिनचे तंतू ताणले जातात आणि त्या ताणाच्या दिशेने पेशी ओढली जाते. चिखल झालेल्या रानातून जाणारा माणूस बांध धरून चालतो, तसे हे आहे. खाचांमधल्या उंचवट्यावर पकडीला लांबीच्या दिशेने भरपूर जागा असते, रुंदीच्या दिशेने नसते. म्हणून पेशीही लांबीच्याच दिशेने पसरते. खाच किती रुंद आहे यापेक्षा ती किती खोल आहे, हे पुष्कळदा अधिक महत्त्वाचे ठरते.

आता आपल्या चादरीविषयी. चादरीचे सूत पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असते, तर न पसरलेली पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटरची (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे त्या सुताच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असते. त्यामुळे जॅकार्डने उठवलेले फूल तिच्या गावीही नसते. मात्र सुताचा पीळ उलगडला की जे कापसाचे एकेक तंतू निघतात, ते जाडीने पेशीच्या बरोबरीचे असतात आणि तेवढे तिला नक्की जाणवतात. प्रयोगशाळेत यासाठी संगणकाच्या चिपप्रमाणे सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने नक्षी कोरतात आणि तिच्यावर पातळ रबर ओतून, ते घट्ट झाल्यावर सोलून ठसा काढतात.

या ठशांनी केवळ दिशाच ठरते असे नाही. 1997 च्या एका प्रयोगात रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींना चिकट प्रथिनाची लहानमोठी बेटे दिली होती. अगदी लहान बेटावर आक्रसून राहिलेल्या पेशी मेल्या, पसरायला जागा मिळालेल्या जगल्या. चिकट जागा तेवढीच ठेवून ती सुट्या ठिपक्यांत विखुरली, तेव्हाही पेशी त्या ठिपक्यांवरून ताणून पसरल्या आणि तगल्या. म्हणजे किती चिकटायला मिळाले यापेक्षा किती पसरायला मिळाले हे निर्णायक होते. त्याहून मला चकित करतो तो ग्लासगो येथील 2007 चा प्रयोग. तेथे 120 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) रुंदीचे खड्डे 300 नॅनोमीटर अंतराने चौकटीत मांडले, आणि एका नमुन्यात प्रत्येक खड्डा मुद्दाम 50 नॅनोमीटरपर्यंत इकडेतिकडे सरकवला. रेखीव मांडणीवर मूलपेशींकडून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींकडून, हाडाची घडण फारशी झाली नाही, तर किंचित विस्कटलेल्या मांडणीवर कोणतेही खास रसायन न घालता ती झाली. मागावर असा माल निघाला असता तर आपण तो दोषी म्हणून बाजूला टाकला असता!

अडचण आहे ती जाडीची. एका थराला वळण लावणे साधले आहे. पण रक्तकेशिकेपासून शे-दोनशे मायक्रोमीटरपलीकडच्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, त्यामुळे जाड ऊतीत नक्षीबरोबर रक्तवाहिन्याही विणाव्या लागतात.

प्रश्न : वडिलांच्या मनगटाजवळची चेता मागावरच्या अपघातात तुटली आहे. अशा खाचांच्या नळीने ती जुळेल का?
– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : तुटलेली टोके ताण न देता एकमेकांना भिडत असतील तर ती शिवतात. मध्ये थोडे अंतर असेल तर कोलॅजेनसारख्या पदार्थाची पोकळ नळी बसवता येते, आणि अंतर मोठे असेल तर बहुधा पायातील एखादी संवेदनेची चेता काढून तिथे जोडतात. आतून खाचा किंवा एका दिशेत मांडलेले तंतू असलेल्या नळ्यांवर संशोधन चालू असले, तरी त्यांच्यासाठी थांबून राहू नये. चेता दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर 18 सेंटिमीटर धरले तरी सहा महिने लागतात, आणि चेता पोहोचेपर्यंत हाताचे स्नायू झिजत राहतात. म्हणून हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या प्लास्टिक सर्जनला त्यांना याच आठवड्यात दाखवावे.