७२ तासांची गोळी आहे, मग रोज माला-डी कशाला?

कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. ७२ तासांची गोळी म्हणजे इमर्जन्सी गोळी, असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल या हार्मोनचा १.५ मिलिग्रॅमचा एकच मोठा डोस असतो. तो स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलतो. बीज आधीच सुटलं असेल तर फारसा उपयोग होत नाही, म्हणून ७२ तास भरायची वाट बघू नका, शक्य तितक्या लवकर घ्या. राहिलेला गर्भ या गोळीने पडत नाही. ती भीती खरंच मनातून काढून टाका.

माला-डी ही रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी. ती रोज थोडं थोडं हार्मोन देते, बीज सुटूच देत नाही. नियमित घेतली तर कितीतरी जास्त भरवशाची.

आणि हो, इमर्जन्सी गोळीनंतर पुन्हा संबंध आला तर संरक्षण नसतं, निरोध वापरा. पाळी आठवडाभर लांबली तर गर्भ राहिलाय का हे बघायला लघवीची तपासणी करा.