आवाज तुटतो, बड निसटतो : वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि परिसरातून या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा वायरलेस इअरबड्सच्या तक्रारींचे प्रमाण लक्षणीय आहे. सारखेच प्रश्न एकत्र करून, आणि ज्या पत्रांत कंपनीचे किंवा दुकानाचे नाव होते तेथून ते वगळून, त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी जुळे सोलापूर येथे राहतो आणि रोज सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला फिरायला जातो. घरात माझे इअरबड्स उत्तम चालतात. फोन एका खोलीत आणि मी दुसऱ्या खोलीत असलो तरी आवाज तुटत नाही. फिरताना मात्र फोन पँटच्या डाव्या खिशात असूनही उजव्या कानातला आवाज पावलागणिक अडखळतो. दुकानदार म्हणतो की बड्समध्ये दोष नाही. मोकळ्या जागेत तर कनेक्शन अधिक चांगले मिळायला हवे ना?
— एक निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : दुकानदाराचे म्हणणे बहुधा खरे आहे. ब्लूटूथचे काम २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि या लहरी पाण्यात फार लवकर शोषल्या जातात. माणसाच्या शरीरात पाण्याचाच भाग मोठा असल्यामुळे डाव्या खिशातून उजव्या कानाकडे जाणाऱ्या लहरींच्या वाटेत आपली मांडी, पोट, छाती आणि डोके एवढा मोठा अडथळा उभा राहतो. या लहरींची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्या रुंदीपेक्षाही कमी असते. त्यामुळे डोक्याला सहज वळसा घालून त्या पलीकडच्या कानापर्यंत पोहोचत नाहीत. घरात हाच अडथळा असूनही काही बिघडत नाही, कारण तेथे भिंती, छत, फरशी आणि कपाटे यांवर आपटून लहरी निराळ्या वाटेने कानापर्यंत येतात. तलावाकाठच्या मोकळ्या जागेत परतवून लावणारे असे काहीच जवळ नसते. मोकळ्यावर जोडणी उत्तम राहावी हा आपला तर्क फोन आणि कान समोरासमोर असतील तेव्हाच खरा ठरतो.

याची खात्री करणे सोपे आहे. चालता चालता फोन हातात घेऊन छातीसमोर धरावा. आवाज तुटणे तत्काळ थांबले, तर दोष बड्समध्ये नाही, खिशाच्या जागेत आहे. त्यानंतर फोन शर्टच्या वरच्या खिशात ठेवावा, किंवा आवाज ज्या बाजूला तुटतो त्याच बाजूच्या पुढच्या खिशात ठेवून पाहावा. एकाच कानात आवाज तुटण्याचे आणखी एक कारण असे की, बऱ्याच जुन्या व स्वस्त जोड्यांत फोन एकाच बडशी बोलतो आणि तो बड पुढे दुसऱ्या बडला आवाज पोहोचवतो. म्हणजे डोक्याचा अडथळा तेथे पुन्हा एकदा येतो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओ या पद्धतीत फोन दोन्ही बड्सना स्वतंत्रपणे आवाज पाठवू शकतो, पण त्यासाठी फोन आणि बड्स या दोघांतही ती सोय असावी लागते. नुसत्या खिशाच्या बदलाने काम होत असेल, तर तेवढ्यासाठी नवी जोडी घेण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह सुरू केला की कानातला आवाज तुटतो. यात काही धोका आहे का?
— एक गृहिणी, विजापूर रस्ता

उत्तर : तेवढ्यावरून धोका मानण्याचे कारण नाही. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, आणि त्यातून बाहेर पडणारा मर्यादेतला अल्पसा अंशही ब्लूटूथच्या क्षीण लहरींना भारी पडतो. ब्लूटूथ आपल्या ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारत गर्दीची वाहिनी टाळत राहते, म्हणून वाय-फायच्या गर्दीतही ते सहसा तग धरते. ओव्हनपासून चार पावले दूर उभे राहावे. घरचा राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालत असेल, तर फोन त्यावर जोडावा म्हणजे हा पट्टा थोडा मोकळा होतो.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी मागांवर देखरेखीचे काम करतो. माझा डावा बड रात्रभर केसमध्ये ठेवूनही सकाळी रिकामाच निघतो. कधी कधी तर बड केसमध्ये असतानाच फोनचा आवाज त्यात जातो आणि मला समोरच्याचे काहीच ऐकू येत नाही. दुसरे असे की, मागांच्या खडखडाटापासून कान वाचावेत म्हणून मी नॉइज कॅन्सलेशन सुरू ठेवून गाणी ऐकतो. हे योग्य आहे का?
— एक कामगार वाचक

उत्तर : पहिल्या तक्रारीतच तिचे कारण दडलेले आहे. केस उघडून मोबाईलच्या टॉर्चने डाव्या बडच्या खाचेत तळाशी पाहावे. तेथे सोनेरी रंगाच्या दोन-तीन बारीक पिना दिसतील. टॉवेलच्या कारखान्यात सुताचे तंतू हवेत सतत तरंगत असतात. ते खिशात, खिशातून केसमध्ये आणि केसमधून या खाचेत शिरतात, आणि बड दरवेळी वरून दाबला गेल्यामुळे पिनांभोवती त्यांचा करडा, घट्ट थर बसतो. बड खाचेत बसलेला दिसतो, पण पिनांना टेकत नाही. आपण केसमध्ये आहोत हे त्या बडला कळतच नाही; म्हणून तो बंद होत नाही, फोनला जोडलेला राहतो, आलेला कॉल स्वतःकडे ओढून घेतो आणि रात्रभरात बॅटरी संपवून बसतो. आपण लिहिलेल्या दोन्ही गोष्टी या एकाच कारणाने घडतात.

हा थर कोरड्या, मऊ टूथब्रशने किंवा लाकडी टूथपिकने हलकेच सुटा करून केस उलटी धरून झटकावी. सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नये. धातूचे टोक दोन पिनांना एकदम लागले तर शॉर्टसर्किट होऊ शकते आणि पिना वाकतात त्या वेगळ्याच. तोंडाने फुंकरही घालू नये, कारण तिच्यासोबत ओलावा आत जातो. बडच्या खालच्या बाजूचे धातूचे ठिपके कोरड्या कापडाने पुसावेत. बडवर आयपीएक्स-४ असे लिहिलेले असले, तरी ते घामाच्या व पाण्याच्या शिंतोड्यांपुरते असते आणि बहुतेक वेळा ते केसला लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कारखान्यात केस उघडी न ठेवता झाकणाच्या छोट्या पिशवीत ठेवली, तर ही सफाई वारंवार करावी लागणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. नॉइज कॅन्सलेशन पंख्याच्या किंवा इंजिनाच्या सलग, खर्जातल्या घुमण्यावर चांगले चालते; मागाचा ठोका तीक्ष्ण आणि तुटक असतो आणि तेथे ते बरेचसे निष्प्रभ ठरते. मागांच्या शेडमधला आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो, आणि आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांसाठी घातलेली मर्यादाच ९० डेसिबल आहे. त्या आवाजावर मात करण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवला, की कानावर दोन्हींचा मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते, तर ९० डेसिबलवर केवळ चार तास. आपली पाळीच या हिशेबाबाहेर आहे. कामावर कानात घालायचे ते कारखान्याकडून मागून घेतलेले, आवाज किती कमी होतो हे तपासून ठरवलेले इअरप्लग किंवा इअरमफ असावेत. इअरबड्स ही त्यांची जागा घेणारी वस्तू नव्हे. शेडमध्ये सहकाऱ्याची हाक ऐकू येणे हा सुरक्षिततेचा भाग आहे, हे आपल्याला आम्ही सांगायला नकोच.

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. केस उघडली की इअरबड्स माझ्या फोनऐवजी घरातल्या जुन्या फोनला जोडले जातात. वैतागून मी ते रिसेट केले, तर आता एकच बड बोलतो आणि फोनच्या यादीत बड्सचे नाव दोनदा दिसते.

उत्तर : बड्स आधी जोडलेल्या काही उपकरणांची ओळख लक्षात ठेवतात, आणि केस उघडताच त्यांपैकी जे उपकरण शेवटी जोडलेले होते किंवा प्रथम प्रतिसाद देते त्याला जाऊन मिळतात. घरातल्या त्या फोनचे ब्लूटूथ सतत सुरू असणार. त्याच्या ब्लूटूथच्या यादीतून बड्सचे नाव ‘फर्गेट’ या पर्यायाने काढून टाकणे हा त्यावरचा कायमचा उपाय आहे. रिसेट करण्याची घाई त्यासाठी करायला नको होती.

आता झाले आहे ते असे की, रिसेट करताना दोन बड्सची आपसांतली जोडी तुटली आणि प्रत्येक बड स्वतंत्र उपकरण म्हणून फोनला भेटला. आपल्या फोनच्या यादीतील दोन्ही नावे काढून टाकावीत आणि ब्लूटूथ बंद करावे. दोन्ही बड्स केसमध्ये ठेवून, दोघांचेही चार्जिंग सुरू असल्याची खात्री करून, माहितीपत्रकात दिल्याप्रमाणे दोन्ही एकाच वेळी रिसेट करावेत, आणि ते केसबाहेर काढून एकमेकांशी जोडले जाईपर्यंत थोडे थांबावे. त्यानंतरच फोनचे ब्लूटूथ सुरू करून एकदाच पेअरिंग करावे. एवढे करूनही एका बाजूचा आवाज क्षीण वाटला, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमधील डाव्या-उजव्या आवाजाची सरकपट्टी मध्यभागी आहे ना, हे पाहावे. ही पट्टी चुकून सरकलेली असते आणि लोक दुरुस्तीच्या दुकानापर्यंत जाऊन येतात.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. डबा खाताना ऑनलाइन प्रशिक्षण ऐकते, तेव्हा उजवा बड हमखास निसटतो. मोठे रबर लावले तर कान दुखतो, लहान लावले तर आवाज पोकळ आणि पत्र्यासारखा येतो. माझ्या कानांतच काही दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. जबड्याचा सांधा कानाच्या नळीच्या अगदी पुढे असतो, आणि तोंड उघडताना व चावताना नळीच्या पुढच्या भिंतीचा आकार बदलतो. करंगळी हलकेच कानात ठेवून जबडा हलवला, तर ही हालचाल बोटाला जाणवते. डब्यात शेंगाचटणी आणि आपल्याकडची कडक भाकरी असेल, तर प्रत्येक घासाला बड थोडा थोडा बाहेर ढकलला जाणारच. जेवताना एकच बड वापरावा, किंवा सरळ फोनचा स्पीकर लावावा.

आवाज पोकळ येण्याचे कारणही बसवण्यातच आहे. रबराने नळीचे तोंड पूर्ण बंद झाले नाही, तर खर्जाचा आवाज फटीतून निसटतो आणि तबल्यातला डग्गा हरवून नुसती चाटी ऐकू यावी तसे होते. आवाज पत्र्यासारखा आहे म्हणून बड्स बदलणारे पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येकांना केवळ रबर बदलून भागले असते. दोन्ही कान सारखे असतात असे मुळीच नाही, तेव्हा उजवीकडे मध्यम आणि डावीकडे लहान रबर लावायला कसलीही हरकत नाही. बड घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग किंचित वर व मागे ओढावा, त्याने नळी सरळ होते. मग बड आत सरकवून थोडा फिरवावा. गाणे बंद ठेवून टाच आपटत चार पावले चालावे. पावलांचा धप्प असा आवाज डोक्यात घुमला, तर नळी नीट बंद झाली आहे.

मध्यम रबराने फट राहते आणि मोठ्याने दुखते, अशा कानांना फोमचे टिप्स सोसतात, कारण ते दाबून घातल्यावर आत फुगून कानाचा आकार घेतात. मात्र ते लवकर मळतात आणि बदलत राहावे लागतात. दुखणे नळीत नसून बाहेरच्या खळग्यात असेल, तर रबराचा दोष नाही, बडचे अंगच आपल्या कानाला मोठे आहे. तेथे लहान अंगाची किंवा रबर नसलेली दांडीची जोडी पाहावी. कानामागून अडकवण्याचा आकडा असलेले बड्स निसटत नाहीत हे खरे, पण बुगडी घालणाऱ्या आणि चष्मा लावणाऱ्या वाचकांनी ते दुकानातच घालून पाहावेत. कानाला खाज, ओलसरपणा किंवा ठणका असेल, तर बड्स बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. कोमट तेलाचे थेंब घालण्याची घरगुती सवय अशा वेळी आवरावी.

प्रश्न : गाणी सुरेख ऐकू येतात, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.

उत्तर : बड्सचा माइक सुरू होताच ब्लूटूथ संगीताची पद्धत सोडून कॉलच्या पद्धतीवर जाते आणि तीत आवाजाचा दर्जा उतरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आणि स्पीकर म्हणून बड्स निवडावेत.

प्रश्न : उन्हाळ्यात केस गाडीच्या डिकीत राहते. वर्षभरातच बॅटरी निम्म्यावर आली. बॅटरी बदलून मिळेल का?
— एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : लिथियम-आयन बॅटरीला पूर्ण चार्ज स्थितीत उष्णतेत पडून राहणे सर्वांत जास्त जाचते. सोलापुरात मे महिन्यात सावलीतले तापमान ४० अंशांच्या वर असते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या डिकीत ते त्याहून किती तरी अधिक होते. बडमधली बॅटरी जेमतेम ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांची, त्यामुळे तिची झालेली झीज लगेच जाणवते. बड चिकटवून बंद केलेला असल्याने बॅटरी बदलणे क्वचितच परवडते. काही कंपन्या एकच बड किंवा केवळ केस सुटी विकतात, त्याची चौकशी करावी. केस तापलेली असताना चार्जिंगला लावू नये.

प्रश्न : नवी पेठेत घेतलेले बड्स कानात बसत नाहीत. ‘एकदा कानात घातलेला माल परत घेत नाही’ असे दुकानदार म्हणतो. काय करावे?

उत्तर : कानात न बसणे हा वस्तूतला दोष मानला जात नाही, त्यामुळे त्या कारणासाठी दुकानदारावर सक्ती करणे अवघड आहे, त्याच्याकडून वेगळ्या मापांचे रबर मागून घ्यावेत, अनेक दुकानदार ते देतात. मात्र एक बड न चालणे, जोडणी न टिकणे किंवा नामांकित कंपनीच्या नावाने नक्कल दिली जाणे हे दोष आहेत. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण व क्रमांक आहे का, हे पाहावे. बिलावर मॉडेल आणि तारीख लिहून घेतलेली असेल, तर आधी कंपनीच्या सेवा केंद्रात लेखी तक्रार द्यावी, आणि तेथे दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर ती नोंदवावी.