पेरिमेनोपॉजचा (पाळी कायमची जाण्याआधीच्या काळाचा) त्रास आहारानं आटोक्यात येतो, की हार्मोन घ्यावेच लागतात?

वय ४६, रात्री घामानं जाग, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, विनाकारण चिडचिड. इथवर तुमचा प्रश्न नेहमीचाच आहे. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "ओळखीतल्या एकीला नुसत्या अलसीनं पूर्ण गुण आला, आणि हार्मोननं कॅन्सर होतो असं घरचे म्हणतात." मला त्या ओळखीतल्या एकीबद्दल बोलायचंय, कारण ती मी असू शकते.

अगदी मीच नसेन. पण इंदुरात निदान पंधरा-वीस बायका माझं उदाहरण ऐकून अलसी दळून खातात (जवसाला आमच्याकडे मराठी घरातही अलसीच म्हणतात), आणि मला गुण आला तो अलसीनं नाही.

माझं ४५ व्या वर्षी सुरू झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी. जानेवारीतली संध्याकाळ, बायका शाली पांघरून आलेल्या, मी काळी महेश्वरी नेसलेली. तिसऱ्या का चौथ्या बाईला कुंकू लावताना छातीतून एक लाट उठली आणि मानेवरून डोक्यापर्यंत चढली. वाटलं, बीपी. मग घाम. घाम म्हणजे किती, तर माझ्या कपाळावरचं कुंकू ओघळलं आणि नाकाच्या शेंड्यावरून एक लाल थेंब तिळगुळाच्या ताटात पडला. समोरची बाई कपाळ पुढे करून तशीच उभी. मी ताट वन्संच्या हातात दिलं आणि गच्चीत जाऊन उभी राहिले. ब्लाउज पाठीला चिकटलेला, आणि दोन मिनिटांत तीच पाठ थंडीनं काकडायला लागली. आत वन्सं कुणाला तरी सांगत होत्या, "काही नाही हो, वय आहे. आमच्या वेळी आम्ही असं काही केलं नाही."

केलं नाही! जसं काही मी ते करत होते.

वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. निवृत्त विज्ञान शिक्षिका, दोन गल्ल्या सोडून राहतात. माणूस प्रेमळ, घरात कुणी आजारी पडलं की पहिला डबा त्यांचाच येतो. पण एकदा बोलल्या की तो सिद्धांत. दुसऱ्याच दिवशी अलसीचा डबा आला. भाजून दळलेली, रोज दोन चमचे, कोमट पाण्याबरोबर. मी चौदा महिने इमानेइतबारे खाल्ली. पोट साफ राहिलं, हे कबूल करते. घाम होता तसाच. रात्री दोनदा गाऊन बदलायचा, उशी उलटी करायची, पंखा पाचवर, आणि शेजारी यजमान रजईत गुरफटलेले. "काय होऊन राहिलं तुला?" असं झोपेत विचारायचे आणि उत्तर यायच्या आत घोरायला लागायचे. गंमत म्हणजे ते दवा बाजारात नोकरीला आहेत. दिवसभर औषधांच्या खोक्यांत बसलेला हा माणूस संध्याकाळी बहिणीनं दळलेली अलसी घेऊन घरी यायचा.

त्यात पाळी. पन्नास दिवस यायची नाही, आली की बारा दिवस, गाठींसकट. ऑफिसात खुर्चीवर काळी ओढणी घालून बसायचे. हिमोग्लोबिन ८.४ वर आलं. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी वय विचारलं, मुलं किती ते विचारलं, आणि म्हणाल्या, "मग पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल." सोनोग्राफीचं पाकीट टेबलावर होतं, ते उघडलंही नव्हतं. काही बायकांची पिशवी काढावीच लागते, त्याला माझी ना नाही. पण आधी पाकीट तरी उघडा. शिवाय पिशवी काढून घाम थांबत नाही, तो सगळा अंडाशय आणि मेंदू यांच्यातला मामला आहे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर जे काही वर्षांत हळूहळू व्हायचं ते एका ऑपरेशनमध्ये होऊन बसतं.

मधल्या काळात मी लॅबचं 'हार्मोन पॅकेज'ही करून घेतलं. एफएसएच, म्हणजे मेंदूकडून अंडाशयाला हुकूम देणारं हार्मोन; त्याचा आकडा एकदा नॉर्मल, दोन महिन्यांनी भलताच वर. पैसे पाण्यात. पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच कळतं, कारण या काळात इस्ट्रोजेन हे अंडाशयातलं मुख्य हार्मोन शांतपणे उतरत नाही, झोके घेतं. आज तपासलं तर एक, पुढच्या महिन्यात दुसरंच. तुम्ही ती चाचणी करू नका. थायरॉईडची मात्र करा, कारण घाम, धडधड आणि चिडचिड त्यानंही होते.

दुसऱ्या डॉक्टरांनी पाकीट उघडलं, आणि माझं पूर्ण ऐकूनही घेतलं. त्या म्हणाल्या, मेंदूत शरीराचं तापमान राखणारा जो भाग आहे तो इस्ट्रोजेनच्या झोक्यांनी हळवा होतो, अंग जरासं तापलं तरी 'आग लागली' समजून घाम फोडतो. आणि काही महिने बीजच सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि मग धरण फुटल्यासारखं जातं. गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासला, मॅमोग्राफी, बीपी, साखर सगळं पाहिलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग इस्ट्रॅडिऑलचं, म्हणजे इस्ट्रोजेनचंच, जेल, रोज दंडाला लावायचं, आणि महिन्यातले बारा दिवस रात्री प्रोजेस्टेरॉनची २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. कॅप्सूल रात्रीच, कारण तिनं गुंगी येते, आणि मला तर ती गुंगी म्हणजे सोनंच वाटली. तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी उठले तेव्हा लक्षात आलं की रात्रभर गाऊन बदललेलाच नाही. मी पलंगावर बसून रडले. यजमान म्हणाले, आता काय झालं?

त्या दिवसापासून जेल माझ्या शिवणाच्या डब्यात आहे, रिळांच्या खाली. लपवलं, कारण वन्संकडे २००२ सालच्या वर्तमानपत्राचं एक कात्रण आहे. अमेरिकेतला मोठा अभ्यास, विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह, हार्मोन घेणाऱ्या बायकांना स्तनाचा कॅन्सर जास्त दिसला म्हणून मध्येच थांबवला, ती बातमी. बातमी खरीच आहे. पण कात्रणात जे नाही ते मी नंतर वाचलं. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेली. औषध म्हणजे गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध, दोन्ही एकाच गोळीत. आणि वाढ किती, तर वर्षाला दहा हजार बायकांमागे ३० ऐवजी ३८. आठ जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, त्या आठांत आपण असू शकतो. पण विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' असं म्हणावं का? ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाही नाही. ते कात्रण कुणी कापून ठेवलं नाही. आज डॉक्टर साधारण असं पाहतात की वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झाली नसतील, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जोखमीहून जास्त.

तुमचा प्रश्न खरं तर आहाराचा होता, माहीत आहे. माझं मत सरळ आहे: आहार हाडांसाठी, स्नायूंसाठी, साखरेसाठी. घामासाठी नाही. अलसीवर नीट चाचण्या झाल्यात, घामाच्या बाबतीत ती खोट्या औषधाहून सरस ठरली नाही. सोयाबीननं काहींना थोडा फरक पडतो, फार नाही. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आमच्या खंडवा रोडवर आहे आणि माळव्यात पिढ्या त्याच तेलावर वाढल्या, पण ज्याची चर्चा असते ते आयसोफ्लेव्होन, म्हणजे इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेले वनस्पतीतले पदार्थ, दाण्यात असतात, तेलात जवळजवळ नाहीत. म्हणून सोयाच्या तेलात तळलेले गराडू (इथला एक कंद) खाऊन काही होणार नाही. उलट रात्री सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन जिरावण (इथला चटपटीत मसाला) मारलेलं काही खाल्लं की त्या रात्री माझा घाम हमखास वाढायचा. प्रत्येकीचं वेगळं असतं, पंधरा दिवस वहीत लिहून काढा. माझ्या बाबतीत तिखट आणि रात्रीचा कडक चहा. चहा जेवणाला लागून घेतला तर लोहही अंगी लागत नाही.

नाश्त्याला रोज पोहे-जिलबी हे इंदूरचं भूषण आहे, पण चाळिशीनंतर कंबरेवर तेच दिसतं. मी पोह्यांच्या बरोबरीनं मोड आलेले मूग किंवा दोन अंडी घेते. जिलबी रविवारी. कॅल्शियम पाळी गेल्यानंतर दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. एका पेलाभर दुधात साधारण अडीचशे, म्हणजे नुसत्या दुधावर भागत नाही. दही, पनीर, नाचणी, पालेभाज्या सगळं मिळून जमवावं लागतं. तिळात भरपूर असतं हे खरं, पण तिळगुळाच्या एका वडीनं हाडं होत नाहीत, वन्सं काहीही म्हणोत. त्यांचं स्वतःचं मनगट ६१ व्या वर्षी न्हाणीघरात घसरून मोडलं. तेव्हा मी एक अक्षर बोलले नाही, पोळ्या करून पाठवल्या. इथे बोलते आहे.

आता जे आधी सांगायला हवं होतं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, हार्ट अटॅक, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर हे माझं पुराण तुमच्यासाठी नाही. घामावर हार्मोन नसलेल्या गोळ्याही असतात, त्या विचारा. पिशवी शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन कधीच घ्यायचं नाही, अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो. शेजारणीचं जेल उसनं आणू नका. गोळीनं गुठळीची जोखीम थोडी वाढते, कातडीवाटे तशी वाढलेली दिसलेली नाही, म्हणून मला जेल. आणि हे गर्भनिरोधक नव्हे. पाळी अनियमित असली तरी दिवस राहू शकतात, ४६ व्या वर्षीसुद्धा.

घरच्यांना कसं पटवायचं, हे मला विचारू नका. मी पटवलंच नाही. मला बरं वाटायला लागलेलं वन्संनीच आधी ओळखलं आणि म्हणाल्या, "बघ, वेळ लागतो, पण अलसी काम करते." मी हो म्हटलं. एवढंच. पुढच्या संक्रांतीला त्यांनी स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटलं असेल? अलसीची पाकिटं, पाव-पाव किलोची, सॅटिनची फीत बांधून. प्रत्येकीला देताना माझ्याकडे बोट, "हिला विचारा." मी कोरड्या कपाळानं तिथे बसले होते आणि मान डोलवत होते. तुमच्या ओळखीतली एकी त्या दिवशी तिथे असेल, किंवा तिची जाऊ असेल.

माझ्या वाट्याचं पाकीट अजून फ्रीजमध्ये आहे. लसूण, सुक्या मिरच्या आणि मीठ घालून कुटली तर अलसीची चटणी भाकरीबरोबर फार छान लागते, त्याबद्दल माझा आणि वन्संचा वाद नाही.