'धीराने शील': हे शील कुठलं?

एका वाचकाने विचारलंय: "ख्रिस्ती शेजाऱ्यांकडच्या प्रार्थनासभेत 'संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते' हे वाक्य ऐकलं. शील म्हणजे चारित्र्यच ना? मग सरळ 'चारित्र्य' का म्हटलं नाही? आणि तिथे सारखं येणारं 'आज्ञापालन' फार सरकारी वाटतं. त्याला घरगुती शब्द नाही का?"

वाक्य बायबलच्या नव्या करारातलं आहे: पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल ह्याने रोमच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या 'रोमकरांस पत्र' ह्या पत्रातलं, पाचव्या अध्यायातलं. मूळ ग्रीक पत्र इ.स. 57च्या सुमाराचं. जिथे मराठीत 'शील' आहे तिथे ग्रीकमध्ये 'दोकिमे' आहे. नव्या करारात हा शब्द फक्त पौलाच्याच पत्रांत येतो, एकूण सात वेळा. त्याच्या मुळाशी पारखण्याची कल्पना आहे. धातू किंवा नाणं तपासून खरं ठरलं की ते 'दोकिमोस'. म्हणजे 'दोकिमे' हा नुसता चांगला स्वभाव नव्हे. तावूनसुलाखून झाल्यावर जो खरेपणा शाबूत राहतो, तो. नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्रात ह्याच कुळातला शब्द आहे आणि तिथे मराठी बायबल 'पारख' म्हणतं. एकाच घरातले दोन भाऊ, मराठीत आल्यावर एकाचं नाव शील झालं, दुसऱ्याचं पारख. नुसतं मराठी वाचणाऱ्याला त्यांचं नातं कळायचं कसं?

इंग्रजीही इथे अडखळलीच. 1611च्या भाषांतरात ह्या जागी 'एक्स्पीरिअन्स' आहे, 'कॅरेक्टर' बरंच नंतर आलं.

मग 'शील' चुकलं का? मला नाही वाटत. संस्कृतात 'शील्' धातूचा अर्थ पुन्हापुन्हा करणं, सवय लावून घेणं. परिशीलन, अनुशीलन त्यातूनच आले. सहनशील, प्रयत्नशील म्हणतानाही आपण एखाद्या प्रसंगाबद्दल बोलत नसतो, माणसाच्या अंगी मुरलेल्या वळणाबद्दल बोलतो. धीर धरून धरून जे अंगवळणी पडतं ते शील, हे पौलाच्या वाक्यात छान बसतं. सरावाचा अर्थ आला, फक्त कसोटीचा निसटला.

तो अर्थ द्यायला मराठीत शब्दांचा तोटा नव्हता. सोनाराचा कसोटीचा दगड आहे, कस लागणं आहे, कसाला उतरणं आहे, बावनकशी आहे. तुकोबांचा हिरा तर ऐरणीवर घणाचे घाव सोसून वाचतो, 'तोचि मोल पावे खरा', आणि करणीचा, म्हणजे बनावट, असेल त्याचा चुरा होतो. 'दोकिमे'चं याहून नेमकं मराठी स्पष्टीकरण मला अजून सापडलेलं नाही.

आता 'चारित्र्य'. हा शब्द आज फार चारचौघांतला झालाय. लोक काय म्हणतात, पोलिसांच्या दप्तरी काय आहे, त्यावर तो ठरतो. (गंमत म्हणजे नोकरीसाठी लागणारी 'चारित्र्य पडताळणी' शब्दशः 'दोकिमे'च्या जवळ जाते, पण प्रार्थनासभेत कुणाला पोलीस ठाणं आठवायला नको.) उलट 'शील' बोलीत आकसत गेलं आणि बाईच्या अब्रूपुरतं उरलं, 'शीलभ्रष्ट' वगैरे. त्याला मोठ्या अर्थाने जिवंत ठेवलं ते महाराष्ट्रातल्या दोन समाजांनी: पंचशील म्हणणाऱ्या बौद्धांनी आणि हे वाक्य पाठ असलेल्या ख्रिस्ती मंडळींनी. दोन्हीकडे ते स्त्री-पुरुष सगळ्यांना लागू आहे आणि दोन्हीकडे ते जन्माने मिळत नाही.

आज्ञापालनाचं म्हणाल तर घरगुती शब्द आहे आणि तो तुम्ही रोज वापरता: ऐकणं. माझी आजी एखाद्या मुलाची तारीफ करायची ती "पोर ऐकणारं आहे" अशी. त्याचे कान चांगले आहेत, असं तिला म्हणायचं नसायचं! ग्रीकमध्येही हेच आहे. आज्ञापालनाचा शब्द 'हुपाकोए', आणि त्याच्या पोटात 'अकुओ' म्हणजे ऐकणं. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतला 'शमा'ही ऐकणं आणि मानणं ही दोन्ही कामं करतो, म्हणून तिथलं 'हे इस्राएला, ऐक' हे कानापुरतं थांबत नाही. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीला आणि शेवटाला पौल 'हुपाकोए पिस्तेओस' म्हणतो, ढोबळमानाने विश्वासातून येणारं आज्ञापालन. 'आज्ञापालन' म्हटलं की हुकूम आणि शिपाई डोळ्यांपुढे येतात. 'ऐकणं' म्हटलं की नातं आधी येतं. आपण ऐकतो ते ज्याच्यावर भरवसा आहे त्याचं, आणि पौलाचा रोख तोच आहे.

मग भाषांतरात तो शब्द सगळीकडे का घेतला नाही? अडचण याकोबाच्या पत्रात दिसते. तिथे वचनाप्रमाणे वागणारे व्हा, नुसते ऐकणारे नको, असा उपदेश आहे. आजीच्या मराठीत तो कोड्यासारखा वाटेल, कारण तिच्या लेखी ऐकणारा तो वागणाराच. हे टाळायला एका जागी ऐकणं आणि दुसऱ्या जागी आज्ञापालन असे वेगळे शब्द ठेवावे लागतात. वेगळे ठेवले की मूळ एक होतं हे झाकलं जातं.

एक जागा मात्र चुकवू नका: करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय 2, वचन 9. पौल म्हणतो, तुम्ही सगळ्या बाबतींत ऐकणारे आहात की नाही ह्याची 'दोकिमे' पाहायला मी लिहिलं. तुमचे दोन्ही शब्द एकाच ओळीत आहेत, आणि तिथे 'तुमचं शील पाहायला' म्हणून चालत नाही, 'तुमचा कस पाहायला' म्हणावं लागतं.

तरी सभेत 'धीराने कस' म्हणून बघू नका. म्हणणारे पाठ म्हणतात, एक शब्द हलला तरी सगळ्यांच्या माना वळतील.