रायफल अंगाला बेतावी

चि. मुलीस,
सप्रेम आशीर्वाद.

रविवारी नेमबाजीच्या रेंजवर तुझ्या वडिलांनी मोबाइलवरच्या रायफलींच्या दोन जाहिराती माझ्यापुढे धरल्या, तेव्हा तू सगळा वेळ शेजारच्या लेनवरच्या मुलीच्या निळ्या रायफलीकडे पाहत होतीस. मी "पुढच्या आठवड्यात सांगतो" एवढेच म्हणालो आणि तुझा चेहरा उतरला. जाताना दारात थांबून तू विचारलेस, "सर, माझी स्वतःची रायफल नसली तर मी मागे पडेन का?" या प्रश्नाचे उत्तर तिथल्या तिथे द्यायला हवे होते. ते दिले नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उसाचे बिल हातात आले आहे आणि ते दुसरीकडे वळण्यापूर्वी मुलीसाठी काही करावे, अशी तुझ्या वडिलांची घाई आहे. ती मला कळते. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ४५१.४ गुण नोंदवून कांस्यपदक आणले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातला प्रत्येक बाप अशाच घाईत आहे. तुझ्या वडिलांनी मला "स्वप्नीलची रायफल केवढ्याला येते?" असेही विचारले. ती ५० मीटरची, ५.६ मिलिमीटरच्या काडतुसाची, शस्त्रपरवाना लागणारी रायफल आहे. तुझ्याशी तिचा आज काहीही संबंध नाही. तुझी १० मीटरची एअर रायफल ४.५ मिलिमीटरच्या छर्‍याची असते, तिची शक्ती साधारण साडेसात जूल भरते आणि २० जूलांच्या मर्यादेत असल्यामुळे तिला परवाना लागत नाही. कायद्याचा विषय येथेच संपतो.

आता माझा एकच मुद्दा नीट ऐक. रायफल अंगाला बेतावी, अंग रायफलीला बेतू नये. शिंप्याकडे गेल्यावर तो आधी माप घेतो आणि मगच कापडाला कात्री लावतो. तुम्ही मात्र कापड आधी फाडायला निघालात, कारण तुझे माप अजून कोणी घेतलेलेच नाही.

पहिली जाहिरात जुन्या परदेशी रायफलीची आहे. खेळ सोडलेल्या कोणा नेमबाजाची ही रायफल निम्म्या किमतीत मिळते आहे, वजन ४.९ किलो आहे आणि दस्ता उजव्या हाताचा आहे. येथे मला तुझ्यावर थोडे रागवायचे आहे. तू तीन महिने उजव्या खांद्यावरून नेम धरते आहेस आणि तीन महिने डावा डोळा घट्ट मिटून धरते आहेस, पण असे का करावे लागते हे तू एकदाही विचारले नाहीस. रविवारी मी तुला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला सांगितली आणि त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहायला लावले. मग एकेक डोळा मिटायला सांगितला. उजवा मिटल्यावर घड्याळ जागेवर राहिले आणि डावा मिटताच ते फटीतून नाहीसे झाले. याचा अर्थ तुझा मुख्य डोळा डावा आहे. जेवताना आणि लिहिताना तू उजवी असशील, पण नेम डोळा धरतो. विकणार्‍याने फोनवर "डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावली की झाले" असे सांगितले, आणि पुष्कळ नेमबाज तसे खेळतातही. दहा वर्षे उजव्या खांद्यावर खेळलेल्याला मीसुद्धा तेच सांगेन. तुझे तीनच महिने झाले आहेत. तुला डाव्या खांद्यावर यावे लागेल, आणि मग उजव्या हाताची ती स्वस्त रायफल फुकट मिळाली तरी महाग पडेल.

डोळ्यानंतर मान येते. रायफल खांद्याला लाव, डोळे मिट, गाल चीकपीसवर, म्हणजे दस्त्यावरच्या गालाच्या टेकणीवर, सहज टेकव आणि मग डोळे उघड. डोळ्याजवळच्या मागच्या साइटच्या छिद्रातून नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटचे वर्तुळ अगदी मधोमध दिसले, तर ती रायफल तुझी आहे. ते वर-खाली दिसले आणि पाहण्यासाठी मान ताणावी लागली, तर चीकपीस आणि खांद्याला टेकणारी बटप्लेट हलवावी लागते. हलवूनही जमले नाही, तर ती रायफल दुसर्‍याची आहे. मान हलवून जमवणे हा उपाय नव्हे, कारण पात्रता फेरीत साठ गोळ्या पंचाहत्तर मिनिटांत मारायच्या असतात आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ताणलेली मान चाळिसाव्या गोळीच्या सुमारास थकते आणि मग ट्रिगरवरच्या बोटाला दोष दिला जातो. हे मी माझ्या मानेच्या अनुभवावरून सांगतो. सोळाव्या वर्षी मला काकांची, माझ्यासाठी फार लांब दस्त्याची रायफल मिळाली. तिच्यापर्यंत पोचण्यासाठी मी डोके पुढे काढायला शिकलो आणि ती खोड पुढे आठ वर्षे, चांगल्या रायफलीवरही, सुटली नाही.

वजनाबद्दल मात्र मला जास्त बोलावे लागेल, आणि ते बोलणे मला सोपे नाही. नियमाने १० मीटरची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, आणि मोठे नेमबाज जड रायफल आवडीने घेतात, कारण ती स्थिर राहते. पण उभ्याने नेम धरताना तो भार हाताचे स्नायू पेलत नाहीत. पुढच्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, पाठ मागे झुकते, किंचित पिळते, आणि भार मणक्यातून पायांत उतरतो. वीसेक वर्षांपूर्वी तुझ्याच वयाचा एक मुलगा माझ्याकडे शिकत होता. त्याचे वजन छत्तीस किलो होते. मी त्याच्या वडिलांना पाच किलोची रायफल घ्यायला लावली, म्हणजे पोराच्या अंगाच्या सातव्या हिश्शाचे ओझे मी रोज दोन तास त्याच्या पाठीवर ठेवले. "मोठा होईल, तिच्यात बसेल," असे मीच म्हणालो होतो. दीड वर्षात त्याची कंबर दुखू लागली. तो सांगत राहिला आणि मी पोझिशन सुधारत राहिलो, कारण पोझिशन चुकते आहे असे मला वाटत होते. शेवटी डॉक्टरांनी खेळ बंद करायला लावला. त्याच्या वडिलांनी ती रायफल विकली तेव्हा गिर्‍हाईकही मीच शोधून दिले. त्या काळी आमच्याकडे लहान मुलांच्या रायफली मिळत नव्हत्या, परदेशातून काही मागवायचे तर कागदपत्रांत महिने जात, आणि जे हाताशी होते त्यावरच सगळे शिकत होते, हे सगळे खरे आहे. तरी रेंजवर एक हलकी स्प्रिंगची रायफल होती आणि ती मी त्याला दिली नाही, कारण तिच्यावर गुण कमी पडत होते आणि मला त्याचे गुण हवे होते.

म्हणून आता मी हट्टी आहे. पहिले सहा महिने माझ्याकडे कोणालाही रायफल घेऊ देत नाही, आणि यावरून पालक माझ्यावर चिडतात हे तुझ्याही कानावर आले असेल. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा याच कारणाने मला सोडून गेला, त्याने दुसर्‍याच आठवड्यात नवी कोरी रायफल घेतली आणि वर्षभरात राज्य स्पर्धेत पदकही मिळवले. लोक मला ते पदक दाखवतात. तो मुलगा अठरा वर्षांचा होता, त्याची वाढ पूर्ण झाली होती आणि ती रायफल त्याच्या अंगाला बसत होती. माझ्याच नियमाने तो जिंकला, फक्त सहा महिने न थांबता. हे मी कोणाला पटवून देऊ शकलेलो नाही.

दुसरी जाहिरात आपल्याकडे बनणार्‍या, कनिष्ठांसाठीच्या हलक्या रायफलीची आहे. तिचे वजन तुला झेपेल आणि बटप्लेटमध्ये तुकडे घालून लांबी वाढवता येते, म्हणजे तू उंच झालीस तरी ती लगेच तोकडी पडणार नाही. ती वाईट नाही. फक्त तिचा दस्ता डाव्या हाताला चालतो का, चीकपीस दोन्ही बाजूंना बसवता येते का, हे विकणार्‍याला विचारायला हवे. जाहिरातीत तसे काही लिहिलेले नाही. जुनीच घ्यायची वेळ पुढे कधी आली, तर नळीच्या आधी हवेच्या सिलिंडरवरची तारीख पाहायला वडिलांना सांग. दोनशे बारच्या दाबाची ती टाकी बहुधा दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेल्या टाकीने स्पर्धेत उतरता येत नाही. अर्ध्या किमतीतल्या पुष्कळ सौद्यांचे रहस्य त्या तारखेत असते.

वडिलांना पैसे आताच खर्च करायचे असतील, तर जॅकेट शिवून घ्यावे असेही म्हणवत नाही, कारण तू वाढते आहेस. बुटांचेही तेच. ते बिल बँकेत राहू दे. रायफल अंगाला बेतायची तर अंग आधी थोडे ठरू दे, आणि डावा खांदा तुला मानवतो की नाही हेही अजून ठरायचे आहे.

तू मागे पडशील का, याचे उत्तर राहिलेच. शेजारच्या लेनवरच्या त्या मुलीने निळी रायफल घेतल्यापासून तीन वेळा चीकपीस बदलले आहे, आणि अजूनही ती मान वाकडी करूनच नेम धरते. रायफलीकडे पाहताना तुला तिची मान दिसली नाही.

आमच्या कपाटात डाव्या हाताची एक जुनी रायफल आहे. तिचा रंग उडाला आहे, पण सिलिंडर मुदतीत आहे. बटप्लेटमागचे दोन तुकडे काढले, तर ती तुझ्या हाताला पुरेल असा माझा अंदाज आहे. नक्की ते तुला उभे केल्यावरच कळेल. रविवारी सकाळी साडेसहाला ये, वडिलांनाही आण, आणि येताना घरातला शिवणकामाचा टेप घेऊन ये, कारण रेंजवरचा कोणीतरी नेला आहे.

तुझा,
सर