प्रत्येक वेटोळं म्हणजे भोवरा नव्हे

खानापूरहून एमएस्सी फिजिक्स करताना तुम्ही विचारलंय, की अरबी समुद्रातल्या ड्रिफ्टरच्या (प्रवाहाबरोबर वाहत आपली जागा कळवणाऱ्या तरंगत्या बोयाच्या) मार्गावर दिसणारी वेटोळी भोवऱ्याची की जडत्वीय आंदोलनाची (वारा थांबल्यावरही पाणी स्वतःच्याच गतीनं गोल फिरत राहतं त्याची), आणि समुद्र न बघता यावर प्रोजेक्ट होईल का.

होईल की! ग्लोबल ड्रिफ्टर प्रोग्रामचा डेटा फुकट मिळतो. फक्त सहा तासांचा नको, दर तासाचा घ्या.

आधी जडत्वीय आंदोलनाचा आवर्तकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळ, काढा: ११.९७ तास भागिले अक्षांशाची साइन. बेळगाव १५.८५ अंशावर, सरळ पश्चिमेला वेंगुर्ला आणि पुढं समुद्र. या रेषेवर उत्तर येतं ४४ तासांच्या आसपास. (अक्षांशाला सीमाप्रश्न नाही, तेवढं बरं.) वाऱ्यानं पाण्याला एकदम ढकललं आणि वारा पडला, तरी पाणी चालतच राहतं. पृथ्वीच्या फिरण्यामुळं जाणवणारं कोरिऑलिस बल त्याला सतत उजवीकडं वळवतं, म्हणून आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच फिरतं. वेग सेकंदाला ३० सेंटिमीटर धरला तर वर्तुळाचा व्यास साधारण १५ किलोमीटर. उलट दिशेचं वेटोळं दिसलं तर ते जडत्वीय नव्हे, तिथंच सोडा. मोठ्या भोवऱ्याला एका फेरीला कितीतरी दिवस लागतात.

आता खरी मेख. बोयाखाली १५ मीटरवर भोकं असलेली लांब कापडी नळी लटकते, तिला ड्रोग म्हणतात. ती तुटली की बोया पाण्यापेक्षा वाऱ्याचं जास्त ऐकतो. ड्रोग शाबूत असल्याची नोंद डेटात असते. ती न बघता काढलेला आलेख मी तरी वाचत नाही.

वेगाचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक मिळून एक संमिश्र संख्या करा आणि तिचा रोटरी स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कुठल्या वारंवारतेला, कुठल्या दिशेनं किती जोर आहे ते वेगळं दिसतं. काट्यांच्या दिशेची बाजू ऋण वारंवारतेची. तिथं दिवसाला ०.५५ फेऱ्यांजवळ शिखर हवं. भरती-ओहोटीची शिखरं १२ आणि २४ तासांच्या आसपास असतात, म्हणजे आपल्या अक्षांशावर गोंधळ नाही. पण बोया १४ वरून १८ अंशांवर सरकला तर आवर्तकाळ साडेएकोणपन्नासवरून ३९ तासांच्या खाली येतो आणि शिखर पसरट होतं. तेव्हा मार्गाचे अक्षांशानुसार तुकडे पाडा.

सुरुवातीला वादळानंतरचे दिवस निवडा. मे २०२१ मधलं तौक्ते चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्याला समांतर वर गेलं होतं; त्या वेळी जवळपास ड्रिफ्टर होता का ते आधी नकाशावर बघा. वादळाच्या वाटेच्या उजव्या बाजूला आंदोलन जोरात असतं, कारण तिथं वाराही पाण्याच्याच दिशेनं वळत जातो. अगदी किनाऱ्यालगतचे तुकडे मात्र वगळा, तिथं पाण्याला गोल फिरायला जागाच नसते.